भरतीच्या वेळचा आसरा

ठाण्याच्या खाडीवर पक्षी पाहायला निघताना घड्याळाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. पूर्ण ओहोटीत पक्षी चिखलाच्या दूरच्या कडेला पांगलेले असतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीत चिखल पाण्याखाली जातो आणि खाडी ओस वाटते. भांडुप उदंचन केंद्राच्या रस्त्यावर मी हिवाळ्यात मुद्दाम भरतीच्या वेळी उभा राहू लागलो तो एका साध्या प्रश्नापायी : चिखल बुडालेला असतो त्या काही तासांत हे हजारो पक्षी जातात कुठे?

उत्तर माझ्या पाठीशीच होते. कांदळवनाच्या मागच्या मिठागरांत शेकाटे, टिलवे, पाणटिवळे वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर, ओहोटीची वाट पाहत उभे होते. मग शोध पक्ष्यांकडून मिठाच्या इतिहासाकडे वळला.

मिठागर हे निसर्गाने दिलेले नाही, ते माणसाने खपून उभे केले आहे. खाजणाला बांध घालायचा, उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, ते एका कुंडातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे आणि अखेर उथळ वाफ्यांत मीठ धरायचे. पावसाळा संपला की हे काम सुरू होते आणि पुढच्या पावसापर्यंत चालते. उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचा मुक्कामही नेमका याच महिन्यांतला. घोट्याएवढे पाणी, त्यातले बारीक जीव, भोवती मोकळी जागा आणि भरतीला अडवणारा बांध, पक्ष्यांना हवे ते सगळे येथे आयते मिळाले. ज्या समाजाच्या नावातच ‘आगर’ आहे त्या आगरी माणसांच्या घामावर हा आसरा उभा राहिला, ही नोंद पक्ष्यांच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

मिठावर सरकारचा ताबा होता. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ पिकवणे गुन्हा ठरवले. त्याच व्यवस्थेविरुद्ध मे-जून १९३० मध्ये सत्याग्रहींनी वडाळ्याच्या मिठागरांवर पुनःपुन्हा धडक मारली आणि लाठ्या खाल्ल्या. मिठावरचा कर १९४७ मध्ये उठला. पण कर गेला तरी जमिनींवरचा सरकारी हक्क गेला नाही. मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनीचा मोठा भाग केंद्राच्या मीठ खात्याकडे आणि भाडेपट्ट्यांत अडकून राहिला. पुढे १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने बांधकामावर आणखी बंधने आणली. शहर चहूबाजूंनी चढत गेले आणि मधले हे पट्टे मोकळे राहिले. माझा निष्कर्ष असा की, ही जमीन पक्ष्यांसाठी कोणी राखली नव्हती. कराच्या लोभाने उभ्या राहिलेल्या व्यवस्थेने ती नकळत राखली.

पक्षी पाहणाऱ्यांची परंपराही येथे जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. सालिम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी १९३० च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे मात्र शिवडीच्या चिखलावर नियमित दिसू लागले ते १९९० च्या दशकात. शहराच्या सांडपाण्याने शेवाळ वाढले आणि त्यावर जगणारा छोटा रोहित येथे स्थिरावला, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे खाडीची ही कीर्तीसुद्धा निर्मळ निसर्गाची देणगी नव्हे.

या गुलाबी थव्यांमुळेच सरकारचे लक्ष वेधले गेले. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचे क्षेत्र, मिळून १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. हे यश मोठे आहे आणि त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. तरी नकाशा पुढ्यात घेऊन बसलो की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. अभयारण्याच्या रेषेत चिखल आहे, पाणी आहे, तिवरे आहेत. पण पक्षी भरतीला जिथे जातात ती मिठागरे आणि नवी मुंबईतली तळी बव्हंशी रेषेबाहेर आहेत. ओहोटीचे घर आपण राखले, भरतीचे राखायचे राहून गेले.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्वसनासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीला मंजुरी दिली. धारावीतल्या माणसाला पक्क्या घराचा हक्क नाही, असे कोण म्हणेल? पण ती जमीन ‘पडीक’ आहे हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले आहे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तर ती आजही वापरात आहे. नुसते बांधकाम थांबवूनही भागणार नाही. मीठ पिकवणे बंद पडले, उघाडीकडे कोणी पाहिनासे झाले, की वाफा एक तर सुकतो किंवा त्यात तिवरे माजतात. दोन्ही परिस्थितींत उथळ मोकळे पाणी शोधणाऱ्या पक्ष्याला तिथे थारा उरत नाही. येथे राखायचे असेल तर जमिनीबरोबर तिच्यावरचे कामही राखावे लागेल.

भांडुपच्या रस्त्यावर भरती उतरू लागली की आधी एखादा टिलवा उठतो, मग दहा-वीस, मग सगळा थवा माझ्या डोक्यावरून खाडीकडे जातो. कोष्टकात मी ती वेळ टिपून ठेवतो. साधारण सहा तासांनी पाणी पुन्हा चढू लागेल आणि थवा त्याच बांधाकडे परत येईल. बांध जागेवर असला तर.