दुर्मिळ ग्रंथसंग्रह, वास्तुविषयक
प्राचीन वास्तू व प्रादेशिक वारसा यांविषयीची जुनी, विरळ प्रकाशने जमविण्याचा व जतन करण्याचा व्यासंग. मूळ वास्तू झिजते, प्रतिकृतीही नष्ट होतात. अशा वेळी मुद्रित चित्रफलक हाच पुरावा उरतो. रॉबर्ट गिलने १८४४ नंतर केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी करविलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. शिवाय त्याने चढविलेल्या व्हार्निशने मूळ चित्रेही पिवळी पडली, हा दैवदुर्विलास होय. त्यामुळे त्याच्या १८९६–९७ मधील द्विखंडात्मक ग्रंथाचे मोल वाढले. अशा ग्रंथांतील फलक सुटे करून विकले जात असल्याने अखंड प्रती दुर्मिळ असून जाणते संग्राहक प्रथम फलकच मोजून घेतात.