सव्वीस पिढ्यांचे तळघर

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात मद्यविक्रेत्यांचा एक संघ होता. १३८५ साली जोव्हान्नी दि पिएरो अंतिनोरी नावाच्या गृहस्थाने त्या संघाच्या पटावर आपले नाव घातले. आपल्या दख्खनेत तेव्हा बहामनी राज्य स्थापन होऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती. ते राज्य गेले, फ्लॉरेन्सचे प्रजासत्ताकही गेले. अंतिनोरींचा द्राक्षमद्याचा धंदा मात्र आज सव्विसाव्या पिढीच्या हाती आहे.

आरंभी हे घराणे रेशमाचा व्यापार आणि सावकारीही करी. १५०६ साली त्यांनी शहरात एक वाडा विकत घेतला. त्याच्या भिंतीत जेमतेम एक सुरई जाईल एवढा झरोका असे. रस्त्यावरच्या माणसाने पैसे आत द्यावे आणि मद्य घेऊन चालू लागावे. सरदाराच्या वाड्यातून अशी किरकोळ विक्री व्हावी याचे आपल्याला नवल वाटेल, फ्लॉरेन्सला ते वाटत नसे.

पण श्रोतेहो, एवढा दीर्घ वारसा म्हणजे बापाने केले तेच मुलाने केले, असे समजण्याचे कारण नाही. १९६६ साली पिएरो अंतिनोरी याने वडिलांकडून कारभार घेतला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्स बुडाले. खेड्यांतली शतकानुशतकांची अर्धेलीची पद्धतही मोडत होती. १९६४ च्या कायद्याने तसे नवे करार बंद केले होते आणि कुळे शहरांकडे निघाली होती. ज्या मातीवर घराणे उभे, तिच्यात राबणारेच उरेनात. त्यातच कियांती या तिथल्या प्रसिद्ध मद्याची प्रतिष्ठा उतरत चाललेली. तांबड्या द्राक्षांत पांढरी मिसळलीच पाहिजेत, असे १९६७ चे सरकारी नियम सांगत होते.

पिएरोने जाकोमो ताकिस या आपल्या मद्यतज्ज्ञाच्या साहाय्याने वेगळी वाट धरली. तिन्यानेल्लो नावाच्या मळ्यातील सांजोव्हेजे द्राक्षांचे मद्य त्याने मोठ्या जुन्या पिंपांऐवजी लहान ओक पिंपांत मुरवले. १९७१ च्या हंगामापासून त्यावरचे कियांती हे नाव त्याने काढून टाकले. कायद्याच्या लेखी ते साधे जेवणाचे मद्य ठरले! पुढे पांढरी द्राक्षेही त्यातून गेली, आणि हेच हलक्या प्रतीचे मद्य जगभर चढ्या भावाने विकले जाऊ लागले. पिएरोच्या वडिलांनी, निक्कोलोंनीही, परक्या जातीची द्राक्षे कियांतीत मिसळून पाहिली होती; तेव्हाही बोभाटा झालाच होता.

खरा धोका मात्र घरातून आला. भाऊबंदकी हा शब्द आपल्या कोशात असला, तरी ती वस्तू सर्वत्र पिकते. १९८० नंतरच्या दशकात भावंडांना आपला वाटा मोकळा करून हवा होता; तेव्हा इंग्लंडातील व्हिटब्रेड ही बियर कंपनी भागीदार म्हणून आत आली. सहा शतकांच्या घरात प्रथमच परका हिस्सेदार बसला. कंपनीला नफ्याचा हिशेब दरवर्षी हवा असतो. नवी वेल लावली तर चांगले पीक हाती यायलाच कित्येक वर्षे जातात. हे दोन हिशेब एका वहीत बसणे कठीणच. १९९१ मध्ये पिएरोने तो हिस्सा परत विकत घेतला.

त्याला मुलगा नव्हता. आल्बिएरा, आल्लेग्रा आणि आलेस्सिया या तिघी मुली धंद्यात शिरल्या, आणि पुढे थोरल्या आल्बिएराने अध्यक्षपद स्वीकारले. सहाशे वर्षांहून अधिक काळच्या त्या वंशवृक्षात या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री.