आई भवानी (गोंधळगीत)

मराठी चित्रपटसंगीतातील एक लोकप्रिय गीत. राजीव पाटील दिग्दर्शित सावरखेड एक गाव (२००४) या चित्रपटासाठी अजय व अतुल गोगावले या संगीतकार बंधूंनी ते संगीतबद्ध केले व अजय गोगावले यांनी गायिले. त्याच वर्षीच्या अगबाई अरेच्चा! या चित्रपटातील गीतांबरोबर या गीतानेही या जोडीचे नाव महाराष्ट्रभर पोचविले. गीताचा बाज मात्र चित्रपटकलेहून पुष्कळ जुना आहे. त्याचे मूळ धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेशी निगडित असलेल्या गोंधळ या विधिनाट्यात आढळते.

गोंधळ हा विवाहादी मंगलकार्यानंतर घालावयाचा कुलाचार होय. तो सादर करणाऱ्या गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई असे दोन प्रमुख भेद असून कदमराई हे तुळजाभवानीचे, तर रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक होत. पाटावर नवे वस्त्र अंथरून व धान्याची रास घालून तीवर कलश स्थापतात, दिवटी पेटवितात आणि संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने गोंधळास आरंभ होतो. पूर्वरंगात ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावे घेऊन गोंधळास पाचारण करतात. उत्तररंगात एखादे आख्यान लावतात व शेवटी आरती होते. कवड्यांची माळ हे गोंधळ्याच्या वेषाचे ठळक लक्षण आहे.

शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर (तेरावे शतक) या ग्रंथात ‘गौंडली’ नामक नृत्यप्रकाराचे वर्णन येते. त्याचा गोंधळाशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अफझलखानाच्या वधावरील (१६५९) प्रसिद्ध पोवाड्याचा कर्ता अज्ञानदास हाही गोंधळी परंपरेतील मानला जातो. देवीचे स्तवन करणारी ही परंपरा समकालीन घटनांचे कथनही करीत आली आहे, हे यावरून दिसून येते. पुढे शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने गोंधळासारखे लोककलाप्रकार नागर रंगमंचावर आणले.

आई भवानी हे गीत अवतरले, तो काळ मराठी चित्रपटाच्या पुनरुज्जीवनाचा होता. श्वास या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळून मराठी चित्रपटाकडे लक्ष वेधले गेले, तेही २००४ मध्येच. अशा वेळी गोगावले बंधूंनी गोंधळाचा ठेका, मोकळ्या गळ्याने उंच पट्टीत केलेली आळवणी आणि साथीदारांचा समूहघोष हे घटक कायम राखून त्यांना आधुनिक वाद्यमेळाची व ध्वनिमुद्रणतंत्राची जोड दिली. गोंधळाचे सौम्य, सुगम रूपांतर करण्याऐवजी त्यातील मूळचा आवेश त्यांनी तसाच ठेवला, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

गीताच्या टिकाऊ लोकप्रियतेचे कारणही यातच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य रॉकवृंदांनी ठळक ताल, ध्रुवपदाची पुनरुक्ती आणि श्रोत्यांचा सामूहिक प्रतिसाद यांच्या बळावर जगभर श्रोतृवर्ग मिळविला. गोंधळाच्या मेळात हीच तत्त्वे पूर्वापार नांदत आली आहेत : मुख्य गोंधळी आवाहन करतो, साथीदार झील धरतात आणि जमलेली मंडळी देवीचा उदोकार करतात. श्रोता येथे केवळ ऐकणारा राहत नाही, तो विधीत सहभागी होतो. म्हणूनच चित्रपट मागे पडल्यावरही हे गीत नवरात्रोत्सवात, मिरवणुकींत व शाळांच्या स्नेहसंमेलनांत गायिले जात राहिले. देवीभक्त ते भक्तिगीत म्हणून, तर तरुण पिढी नृत्यगीत म्हणून ऐकते.

या यशानंतर लोकदैवतांचे संगीत मराठी चित्रपटात अधिक आत्मविश्वासाने वावरू लागले. यल्लम्मेच्या जोगत्यांवरील जोगवा या राजीव पाटील यांच्याच चित्रपटासाठी अजय-अतुल यांना २००८ या वर्षाचे सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. सैराट (२०१६) या चित्रपटासाठी त्यांनी लॉस अँजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. त्यातील गीतांतही ग्रामीण ठेका टिकून आहे.

तथापि गीत म्हणजे गोंधळ नव्हे. गोंधळ रात्रभर चालतो, तर गीत काही मिनिटांत संपते. या संक्षेपात आवाहनाचा पूर्वरंग टिकला. आख्यान, संवाद, विनोद व निरूपण यांनी नटलेला उत्तररंग मात्र गळाला. वास्तविक गोंधळ्याची खरी विद्या या उत्तररंगातच असते, कारण आख्याने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत परंपरेने चालत आली आहेत. ध्वनिमुद्रित गीत कोणालाही कोठेही वाजविता येते. आख्यान मात्र ते जाणणारा गोंधळी असेपर्यंतच टिकते. आई भवानी या गीताने गोंधळाचा नाद घरोघरी पोचविला. त्यामागील कथनपरंपरा मात्र आजही कुळाचा गोंधळ घालणारी कुटुंबे आणि तो सादर करणारे गोंधळी यांच्यावरच विसंबून आहे.