मास्टर विठ्ठल : मुक्या पराक्रमाचा नायक

नटाच्या कलेचा विचार करताना आपण त्याच्या वाणीला जेवढे महत्त्व देतो, तेवढे त्याच्या देहाला देत नाही. संगीताची आणि पल्लेदार भाषणांची गोडी मराठी प्रेक्षकांच्या अंगी पूर्वीपासूनच मुरलेली असल्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रपटाच्या इतिहासात असा एक अल्पकाळ होऊन गेला, की जेव्हा नटाला वाणीच नव्हती. धावणे, उडी घेणे, तलवार फिरविणे आणि घोड्यावर मांड टाकणे हेच त्याचे भाषण होते. त्या काळाचे मराठी नायक म्हणजे मास्टर विठ्ठल. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक एवढीच त्यांची ओळख आज उरली आहे. वास्तविक तो बोलपट हा त्यांच्या वैभवाचा कळस नसून उतरणीचा आरंभ होय.

विठ्ठल यांचा जन्म १९०६ सालचा. राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून उमेदवारी करून ते कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले व तेथे फिती जुळविण्याचे काम करू लागले. हे कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. शाहू महाराजांच्या आश्रयाने खासबागेचे कुस्तीमैदान तेथे १९१२ सालीच उभे राहिले होते. कसलेल्या शरीराची किंमत ज्या गावाला कळत होती, त्या गावात चित्रपटाने बाळसे धरावे, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’त विठ्ठल पडद्यावर प्रथम दिसले, ते मात्र स्त्रीवेषातील नर्तकी म्हणून! पुढे जो तलवारबहाद्दर म्हणून गाजला त्याचा प्रवेश नृत्याने व्हावा, यात विसंगती काहीच नाही. तोल, ताल आणि चपळाई या गोष्टी नृत्याला लागतात, तशाच द्वंद्वयुद्धालाही लागतात.

१९२५ साली भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई यांनी मुंबईस शारदा फिल्म कंपनी काढली आणि १९२६ च्या ‘रतनमंजरी’त विठ्ठल नायक झाले. त्या वेळी डग्लस फेअरबँक्स यांच्या ‘थीफ ऑफ बगदाद’ने हिंदुस्थानभर धुमाकूळ घातला होता. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ साली जी सरकारी चित्रपट चौकशी समिती बसली, तिनेही या चित्रपटाच्या लोकप्रियतेची दखल घेतली. विठ्ठल यांना ‘हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणत ते यामुळेच. मात्र अमेरिकन नटाच्या पाठीशी जी साधनसंपत्ती होती, तिचा येथे लवलेशही नव्हता. चित्रण बहुधा सूर्यप्रकाशात होई. कॅमेऱ्याचा दांडा हाताने जरा सावकाश फिरवावा म्हणजे पडद्यावर तीच हालचाल वेगाने दिसे, एवढीच काय ती युक्ती. नायकाऐवजी उडी मारणारा निराळा माणूस ठेवण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. पराक्रम खोटा असेल, पण पडणे खरे होते.

या देहाला बाजारात केवढे मोल आले होते, याची साक्ष न्यायालयाने दिली. विठ्ठल यांनी शारदेचा करार मोडून दुसऱ्या कंपनीची वाट धरली, तेव्हा शारदेने त्यांच्यावर दावा लावला. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले आणि खटला विठ्ठल यांनी जिंकला.

पण न्यायालयात जिंकलेला हा नायक ध्वनिग्राहक यंत्रापुढे हरला. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्याचे बरेचसे चित्रण आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी रात्री करावे लागले होते. मायक्रोफोन आसपास दडवून ठेवलेले असत, आणि नटाला त्यांच्या टप्प्यातच वावरावे लागे. म्हणजे ज्याचा सारा जीव धावण्यात, त्यालाच प्रथम जखडले गेले. त्यातून विठ्ठल यांचे हिंदुस्तानी उच्चार सफाईदार नव्हते. म्हणून कथेत त्यांना बराच वेळ बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. पुढे १९३३ साली त्यांनी ‘आवारा शहजादा’चे दिग्दर्शन केले, त्यात दुहेरी भूमिका होती शाहू मोडक या गायकनटाची. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त ते दुय्यम भूमिकेत दिसले. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

हे एका नटाचे अपयश म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही. बोलपटाने नायकाचे दोन तुकडे केले. मुख आणि वाणी एकाकडे गेली, देह दुसऱ्याकडे. १९३५ च्या ‘हंटरवाली’तील नादियाने काही काळ दोन्ही एकत्र राखली, पण तसल्या चित्रपटांना सुशिक्षितांनी हलक्या पंक्तीला बसविले. पुढे ‘डुप्लिकेट’ आणि ‘फाइट मास्टर’ हे निराळे व्यवसायच झाले. ‘शोले’त (१९७५) हेमा मालिनी यांच्याऐवजी धोक्याची दृश्ये रेश्मा पठाण यांनी केली, त्यांचे नाव सर्वतोमुखी होण्यास कित्येक दशके जावी लागली. विठ्ठल यांच्या काळी जो उडी मारी त्यालाच टाळी मिळे. आता उडी एकाची आणि टाळी दुसऱ्याची.

आमच्या छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्याच्या भिंतीवर दीड हजार वर्षांपूर्वीची नर्तकी अजून उभी आहे. तिच्या अंगाचा बाक पाहून तिच्या कलेची पारख करता येते. विठ्ठल यांच्या उड्यांना शंभर वर्षेच झाली, पण भारतात निघालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी अगदी थोडे आज शिल्लक आहेत आणि ‘आलम आरा’चीही प्रत उरलेली नाही. वाणीच्या नटाची कीर्ती आठवणींत, पदांत, छापील संवादांत टिकून राहते. देहाच्या नटाला फितीवाचून दुसरा साक्षीदार नसतो. म्हणूनच आजच्या फाइट मास्टरांची आणि त्यांच्या साथीदारांची नावे, त्यांच्या दुखापती आणि त्यांची कामे वेळीच नोंदवून ठेवणे हे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते. विठ्ठल यांच्या बाबतीत ती वेळ आपण घालविली.