वटवाघळाच्या कानापासून मोटारीच्या बंपरपर्यंत

एसटी स्थानकात गाडी मागे घेतली जात असतानाचे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. वाहक खाली उतरतो, गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि पत्र्यावर थापा मारत म्हणत राहतो, 'येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे... बास!' चालकाला मागचे काही दिसत नसते. त्याचा सारा भरवसा त्या आवाजावर असतो.

आमच्या एका सहकारी शिक्षकांनी आपल्या जुन्या मोटारीला असाच एक 'वाहक' बसवून घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्हीही कुतूहलाने सोबत गेलो. दुकानातल्या कारागिराने मागच्या बंपरवर मोजपट्टीने सारख्या अंतरावर चार खुणा केल्या. ड्रिलला गोल पाते लावून चार भोके पाडली आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या चार चकत्या त्यांत दाबून बसवल्या. चकत्यांच्या तारा डिकीत ठेवलेल्या एका छोट्या डबीला जोडल्या. डबीला लागणारी वीज मात्र त्याने मागच्या पांढऱ्या दिव्याच्या तारेतून घेतली. कारण उघड आहे. तो दिवा गाडी रिव्हर्स गिअरमध्ये असतानाच लागतो, म्हणजे यंत्रही तेवढ्याच वेळापुरते जागे होणार. शेवटी चालकाजवळ एक बझर बसवला. काम संपल्यावर कारागीर म्हणाला, "घ्या सर, गाडीला मागं डोळे लावले."

खरे तर त्याने लावले होते ते डोळे नव्हेत. ती तोंडे होती आणि कानही. या चकत्या आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. अंधारातली वस्तू कानाने कळू शकते, ही गोष्ट माणसाला पटायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. ती हकिगत आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

पावियाचे वटवाघूळ

इटलीतील पाविया विद्यापीठात लाझ्झारो स्पालान्झानी नावाचे निसर्ग अभ्यासक होते. १७९३ साली त्यांच्या लक्षात आले की, पाळलेले घुबड मेणबत्ती विझल्यावर भिंतींवर धडकते, पण वटवाघूळ तशाच अंधारात निर्धास्त उडते. त्यांनी खोलीत दोरे टांगून पाहिले, वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले. आंधळी वटवाघळेही दोरे चुकवून उडत राहिली. अशी काही वटवाघळे त्यांनी बाहेर सोडून दिली आणि पुढे चर्चच्या घंटाघरात पुन्हा पकडली. त्यांची पोटे इतर वटवाघळांच्या पोटांसारखीच किड्यांनी भरलेली होती. डोळ्यांवाचून त्यांनी शिकारही केली होती.

मग दिसते कशाने? जिनीव्हाचे शल्यचिकित्सक लुई झ्युरीन यांनी १७९४ मध्ये वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा ती वाटेत येईल त्यावर आपटू लागली. स्पालान्झानींना हे प्रथम पटले नाही. कान बंद करताना झालेल्या त्रासामुळेच ती गोंधळली असतील, असा आक्षेप शक्य होता. तो तपासण्यासाठी त्यांनी वटवाघळांच्या कानांत पितळेच्या बारीक नळ्या बसवल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघूळ नीट उडे, नळ्या बुजवल्या की धडके. त्रास दोन्ही वेळा तोच, फरक फक्त ऐकू येण्याचा. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे वर्गात समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही. (आज असे क्रूर प्रयोग करू नयेत, हेही त्याच वेळी सांगायला हवे.)

तरीही हा निष्कर्ष टिकला नाही. एक प्रश्न अनुत्तरित होता : वटवाघूळ तर मुकाट्याने उडते, मग त्याचे कान ऐकतात तरी काय? फ्रान्सचे विख्यात प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी निर्वाळा दिला की वटवाघळाला अडथळा कळतो तो पंखांच्या नाजूक त्वचेला होणाऱ्या स्पर्शाने. त्यांचा अधिकार मोठा होता. प्रयोग मागे पडले आणि स्पर्शाचे मत शतकभर चालले.

अंध माणसांबद्दलही असेच झाले. भिंत जवळ आली की अनेक अंध व्यक्तींना ती आधीच कळते. चेहऱ्यावर काहीतरी जाणवते, असे त्यांतले अनेक जण स्वतःच सांगत. फ्रेंच विचारवंत दिदेरो यांनी १७४९ साली अंधांविषयी लिहिलेल्या पत्रातही, हे हवेच्या चेहऱ्यावर होणाऱ्या परिणामाने कळते, असे म्हटले आहे. म्हणजे येथेही श्रेय कानाऐवजी त्वचेकडे गेले.

बर्फाचा डोंगर आणि पाणबुडी

दरम्यान वेगळ्याच दिशेने एक पाऊल पडले होते. १८८० मध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांना आढळले की, क्वार्ट्‌झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो. पुढच्याच वर्षी उलटा परिणामही सिद्ध झाला. स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. एकच स्फटिक विजेचे कंपन करतो आणि कंपनाची वीज करतो, म्हणजे तोच तोंड आणि तोच कान. पण त्याचे काय करायचे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये लुइस फ्राय रिचर्डसन यांनी प्रतिध्वनीने अडथळा ओळखण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. पुढे हवामानाच्या गणिती भाकितामुळे प्रसिद्ध झालेले रिचर्डसन ते हेच. मग पहिले महायुद्ध आले आणि हिमनगापेक्षा पाणबुडीची भीती मोठी झाली. पिएर क्युरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी १९१७ मध्ये पोलादाच्या दोन पट्ट्यांमध्ये क्वार्ट्‌झचे तुकडे बसवून पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडचा, ध्वनी निर्माण केला. १९१८ मध्ये त्यांना पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळाला. गुरूंच्या प्रयोगशाळेतले नवल शिष्याच्या हाती हत्यार झाले होते.

एवढा उंच स्वर कशासाठी? ध्वनीची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा झोत अरुंद ठेवता येतो आणि तितक्या लहान वस्तूवरून तो चांगला परततो. मोटारीतल्या चकत्या साधारण ४० किलोहर्ट्‌झचा ध्वनी वापरतात. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ३४० भागिले ४०,००० म्हणजे तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर येते. माणसाच्या बोलण्यातल्या ३४० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी मात्र १ मीटर असते.

उलगडा

१९३८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी वटवाघळांचा पिंजरा घेऊन भौतिकीचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्याकडे गेला. श्राव्यातीत ध्वनी टिपणारे यंत्र पिअर्स यांनी तयार केले होते. पिंजरा समोर धरताच यंत्रातून खडखडाट ऐकू आला. वटवाघळे मुकी नव्हतीच, आपण बहिरे होतो! नंतर ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी दाखवून दिले की वटवाघळाचे कान बंद केले काय किंवा तोंड बंद केले काय, ते सारखेच धडकते. स्पालान्झानी आणि झ्युरीन यांना न्याय मिळाला. या क्षमतेला १९४४ मध्ये ग्रिफिन यांनी 'एकोलोकेशन', म्हणजे प्रतिध्वनीने स्थान ओळखणे, हे नाव दिले.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोग प्रसिद्ध झाले. डॅलनबाख यांच्या प्रयोगशाळेत मायकेल सुपा हा स्वतः अंध असलेला विद्यार्थी संशोधक होता. अंध आणि डोळे बांधलेल्या व्यक्तींना फळीच्या दिशेने चालायला लावले. चेहरा जाड कापडाने झाकला तरी त्या वेळेवर थांबत. कान बंद केले की फळीवर आदळत. चेहऱ्यावर जाणवते असे वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात पावलांच्या प्रतिध्वनीने कळत होती.

अंधांच्या काठीपासून मोटारीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर क्वार्ट्‌झपेक्षा स्वस्त आणि अधिक प्रभावी अशी सिरॅमिक द्रव्ये हाती आली आणि प्रतिध्वनीचे यंत्र खिशात मावू लागले. लेस्ली के यांनी अंधांसाठी हातात धरायची 'ध्वनीची बॅटरी' तयार केली. १९७८ मध्ये पोलरॉइड कंपनीने प्रतिध्वनीने अंतर मोजून स्वतःच फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात अंधांच्या चालण्या-फिरण्यासंबंधी संशोधन करणाऱ्या विभागात टोनी हेज काम करीत. अंधांना अडथळा सांगणारी युक्तीच त्यांनी मोटार मागे घेण्यासाठी वापरून पाहिली. जपानमध्ये टोयोटाने १९८२ मध्ये आपल्या कोरोना मोटारीत मागचा 'सोनार' दिला. पुढे महागड्या गाड्यांतली ही सोय सुट्या संचांच्या रूपाने कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या गाड्यांचे मालक ते आमच्या सहकाऱ्यांप्रमाणे वेगळे बसवून घेतात. अंधांसाठीही काम चालूच राहिले. दिल्लीच्या आयआयटीत याच तत्त्वावर तयार झालेली 'स्मार्टकेन' ही काठी २०१४ मध्ये उपलब्ध झाली. गुडघ्याच्या वरचे अडथळे ती मुठीतल्या थरथरीने कळवते.

सेन्सरला काय ऐकू येत नाही?

या चकतीचे गणित आठवीच्या मुलालाही करता येईल. वस्तू १ मीटरवर असेल तर ध्वनी जाऊन-येऊन २ मीटर चालतो. त्याला सुमारे ६ सहस्रांश सेकंद लागतात. डबी तेवढा वेळ मोजते आणि बझरची टिकटिक वाढवते. पण उणिवाही याच गणितातून निघतात.

चकती आवाज काढल्यावर घंटेसारखी क्षणभर थरथरत राहते. ती शांत होईपर्यंत तिला ऐकता येत नाही. २५ सेंटिमीटरवरचा प्रतिध्वनी दीड सहस्रांश सेकंदातच परततो, म्हणून अगदी जवळच्या वस्तूचे अंतर नीट कळत नाही. तिरप्या गुळगुळीत पृष्ठभागावरून ध्वनी भलतीकडे निघून जातो. जाड, मऊ कापड तो शोषून घेते. बारीक खांबावरून तो फारच थोडा परततो. चकत्या जमिनीपासून साधारण ५० ते ७० सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे झोताखालचा दगड सुटून जातो.

आणि लहान मूल? त्याची उंची कमी, अंगावर मऊ कपडे आणि एका जागी स्थिर राहणे तर ठाऊकच नाही. अमेरिकेत २००२ साली दोन वर्षांचा एक मुलगा घराच्या आवारात वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मरण पावला. अशा अपघातांमुळे तेथे २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा बंधनकारक ठरला. केवळ सेन्सरवर का भागवले नाही? कारण सरकारी चाचण्यांत मुले ओळखण्याच्या बाबतीत ते भरवशाचे ठरले नव्हते.

हे गणित वर्गाबाहेरही करून पाहता येईल. शाळेच्या मोठ्या भिंतीपासून ५० मीटरवर उभे राहा. दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध प्रतिध्वनी येईल अशा लयीत टाळ्या वाजवा आणि वीस टाळ्यांच्या अंतराचा वेळ मोजा. पहिल्या टाळीला 'शून्य' म्हणून मोजायला सुरुवात करा, म्हणजे चूक होणार नाही. तेवढ्या वेळात ध्वनी ४,००० मीटर चालू शकतो. वेळ पावणेबारा सेकंदांच्या आसपास आला पाहिजे. मग हिवाळ्याच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी येणाऱ्या उत्तरांची तुलना करा. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, हे मुलांना आपोआप कळेल.

क्युव्हिए यांची चूक अगदी साधी होती. वटवाघळाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणजे आवाज नाहीच, असे त्यांनी धरले. बझर वाजला नाही, म्हणजे मागे कोणी नाही, असे धरणारा चालक तीच चूक करतो. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या गाड्या मागे-पुढे होत असतात आणि त्यांच्यामधून मुले पळत असतात. आमच्या सहकाऱ्यांच्या गाडीला आता चार कान आहेत. तरीही शाळेच्या आवारात गाडी मागे घेण्यापूर्वी ते खाली उतरून एक फेरी मारतात, आणि कोणी मोठे माणूस जवळ असेल तर त्याला मागे उभे करून म्हणतात, "जरा बघता का? येऊ दे म्हणा."