लाकडावरील छायाचित्रांतरण

कागदावर छापलेले छायाचित्र चिकट माध्यमाने लाकडावर उतरवण्याची हस्तकला.

उगम : १७५६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलरने कागदावरची चित्रे फरशांवर उतरवली (पहा : मृत्तिकाशिल्प). १८६० च्या दशकात कोरीव ठशांसाठी लाकडी ठोकळ्यांवर छायाचित्रे उमटवू लागले.

वैशिष्ट्ये : चित्र उलटे करून लेझर प्रिंटरवर छापतात, इंकजेटची शाई पाण्याने पसरते. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर ॲक्रिलिक जेल लावून कागद उपडा दाबतात. रात्रभर वाळल्यावर ओल्या बोटांनी चोळले, की कागदाच्या वळ्या सुटतात आणि चित्र फळीवर राहते. पांढऱ्या जागी लाकडाच्या रेषा दिसतात.

महत्त्व : छापील प्रत मिळाली, की बाकीचे काम यंत्राविना घरी करता येते. कापडावरही असे अंतरण होते; सुरत शहरात कागदावरची नक्षी उष्णतेने पॉलिएस्टरवर उतरवतात (पहा : कापड छपाई). सुरतेची सडेली ही लाकडावरील जडावकामाची वेगळी कला आहे.