वार आणि व्रण

रोमचा सेनानी ज्यूलियस सीझर हा मातेचे उदर चिरून जन्मास आला आणि त्याच्यावरूनच त्या शस्त्रक्रियेला 'सिझेरियन' हे नाव पडले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. सीझरची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर कित्येक वर्षे हयात होती. आणि त्या काळी उदर चिरले जाई ते मृत गर्भिणीचे. मूल पोटात असता गर्भिणीला पुरू नये, असा रोमन कायद्याचा दंडक होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही याच जातीचा विचार आढळतो. गर्भिणी एकाएकी मरण पावली आणि तिच्या कुशीत स्पंदन जाणवत असले, तर वैद्याने विलंब न लावता उदर चिरून मूल बाहेर काढावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या आरंभी मातेच्या भवितव्याचा प्रश्नच नव्हता. तो पुढे उपस्थित झाला, सुटला, आणि सुटता सुटता त्याने निराळेच रूप धारण केले.

जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया करावी, असे प्रतिपादन फ्रान्समध्ये फ्रांस्वा रूसे याने १५८१ साली केले. परंतु पुढील तीन शतके तिचा लौकिक भयावहच राहिला. १७८७ ते १८७६ या काळात पॅरिस शहरात या शस्त्रक्रियेनंतर एकही स्त्री वाचली नाही, असे सांगतात. एडिंबरोच्या सिम्प्सनने १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणले आणि लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक पद्धती मांडली. तरीही बाळंतिणी दगावतच होत्या. याचे एक मोठे कारण असे, की शस्त्रवैद्य गर्भाशय चिरीत, परंतु ते शिवीत नसत. गर्भाशय आकुंचन पावले की जखम आपोआप मिटेल, आणि आत घातलेले टाके पुन्हा काढता यावयाचे नाहीत, अशी त्यांची धारणा होती. त्या उघड्या जखमेतून रक्त वाहे, पोटात पू होई, आणि बाळंतीण हातची जाई.

इटलीतील पाविया येथे एदुआर्दो पोर्रो याने २१ मे १८७६ रोजी या संकटातून एक कठोर मार्ग काढला. ज्यूलिया कावालिनी या स्त्रीच्या कटीची हाडे मुडदुसाने आकुंचित झाली होती. नैसर्गिक प्रसूती अशक्य होती. पोर्रोने मूल बाहेर काढले आणि पाठोपाठ गर्भाशयच कापून काढले. जेथून रक्त वाहावयाचे ते स्थानच उरले नाही. आई वाचली, मूलही वाचले. परंतु त्या वाचण्याची किंमत म्हणून तिचे मातृत्व तेथेच संपले.

सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, लाइप्झिगच्या माक्स झेंगर याने दुसरा मार्ग दाखविला. गर्भाशय काढण्याचे कारण नाही, ते रुपेरी तारेने व रेशमाने काळजीपूर्वक शिवावे, असे त्याचे म्हणणे होते. जर्मनीतच फेर्डिनांड केरर याने १८८१ मध्ये अशाच विचाराने गर्भाशयाच्या खालच्या भागी आडवा छेद घेऊन तो शिवला होता. या टाक्याने प्रसूतिशास्त्राचे चित्र पालटले. आता शस्त्रक्रियेनंतर स्त्री वाचू लागली, तिचे गर्भाशयही वाचू लागले, आणि तिला पुन्हा दिवस जाऊ लागले. मानवजातीच्या इतिहासात व्रण असलेल्या गर्भाशयात गर्भ वाढू लागला तो खऱ्या अर्थाने येथपासून.

व्रण विरला की संकट टळले, असे मात्र नव्हे. वरच्या भागी उभा छेद घेतला असता पुढील प्रसूतीच्या कळांनी तो फाटे. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन याने १९१६ मध्ये म्हटले, की एकदा सिझेरियन झाले म्हणजे पुढे नेहमी सिझेरियनच. हे वाक्य पुढे नियमासारखे उच्चारले गेले. वास्तविक त्याचा रोख पहिली शस्त्रक्रिया सहजासहजी करू नये, या इशाऱ्याकडे होता. ग्लासगोच्या मन्रो कर याने १९२० नंतरच्या दशकात खालच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि व्रण फाटण्याचे भय पुष्कळ कमी झाले. परंतु त्याच खालच्या भागी दुसरे संकट उभे राहावयाचे होते. ते वारेचे.

वार, म्हणजे संस्कृतातील अपरा, ही गर्भाचे पोषण करते आणि मूल जन्मल्यावर सुटून पडते. वार व गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा एक मऊ थर असतो. वार सुटते ती या थरातून. ती कधी गर्भाशयाच्या तोंडावरच बसते. अशा वेळी होणारा रक्तस्राव अटळ असतो, हे इंग्लंडमधील नॉरिचच्या एडवर्ड रिग्बी याने १७७५ मध्येच दाखवून दिले होते. परंतु वार खालच्या व्रणावर बसली तर अनर्थ दुणावतो. व्रणाच्या ठिकाणी ते अस्तर पुरतेपणी भरून आलेले नसते. वारेची मुळे मग स्नायूला चिकटतात, प्रसंगी त्यात शिरतात, आणि क्वचित त्याला भेदून मूत्राशयापर्यंत पोहोचतात. ती ओढून काढू गेल्यास रक्ताचा लोट सुरू होतो. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या क्षणाची भीषणता कळते.

या विकाराचे शास्त्रशुद्ध वर्णन बॉस्टनच्या अर्व्हिंग व हर्टिग यांनी १९३७ मध्ये केले. व्रणांच्या संख्येशी त्याचे नाते १९८५ मध्ये क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. २००६ मध्ये अमेरिकेतील ३०,१३२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार तोंडाशी असलेल्या स्त्रियांपैकी पूर्वी एक सिझेरियन झालेल्यांत ११ टक्के, दोन झालेल्यांत ४० टक्के आणि तीन झालेल्यांत ६१ टक्के स्त्रियांची वार चिकटलेली आढळली. वार तोंडापासून दूर असेल तर हा धोका पुष्कळच अल्प असतो, हेही सांगणे न्याय्य ठरेल.

उपाय कोणता? इयन डोनाल्ड याने १९५८ मध्ये ग्लासगो येथून जगापुढे ठेवलेल्या ध्वनिलहरींच्या तपासणीने आता वारेची जागा आधी कळते. मग सज्ज रुग्णालयात, रक्ताचा साठा हाताशी ठेवून, दिवस भरण्यापूर्वीच शस्त्रक्रिया योजतात. मूल काढतात, वारेला हात लावीत नाहीत, आणि बहुधा गर्भाशयच काढून टाकतात. झेंगरच्या टाक्याने जी मागे सारली, ती पोर्रोची शस्त्रक्रिया त्याच टाक्याच्या व्रणापायी परत आली आहे.

भारतापुरता हा केवळ इतिहास नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झाले. त्या पाहणीत हे प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के भरले. यांतील अनेक शस्त्रक्रियांनी आई व मूल दोघांनाही जीवदान दिले, यात शंका नाही. परंतु त्यांपैकी प्रत्येकीने एक व्रणही मागे ठेवला आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपल्याकडील प्रघात पाहता, त्या व्रणाचे कागद पुष्कळदा माहेरच्या कपाटात राहतात आणि दुसरे बाळंतपण शेकडो मैलांवर सासरी होते. तेथील डॉक्टरांना पोटावरची रेघ दिसते. आतील छेद कसा होता, हे ती रेघ सांगत नाही.

म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना त्या एका दिवसाचा हिशेब पुरत नाही; पुढे किती मुले व्हावीत अशी त्या स्त्रीची इच्छा आहे, तेही त्यात धरावे लागते. आणि शस्त्रक्रिया झालीच, तर तिचा कागद त्या स्त्रीबरोबर सासरी गेला पाहिजे, व पुढच्या खेपेस वार कोठे बसली आहे हे वेळेवर पाहिले गेले पाहिजे. झेंगरने टाका घातला तो स्त्रीला पुन्हा आई होता यावे म्हणून. तिचे दुसरे बाळंतपणही सुखरूप पार पडले, तरच त्या टाक्याचे चीज झाले असे म्हणता येईल.